वांग्यांवरचं चाक

कामिसावा, १८ मार्च

इवाओ,

टोपलीत वाळकी चवळी घोळवावी तसा तो आवाज होता. तीसेक वर्षं तरी झाली असतील. तुझ्या इथल्या जुन्या गॅरेजमागच्या देवदारांखाली गाडी न्यूट्रलला सुरू होती, तू हात पुसत बाहेर उभा होतास आणि मला म्हणालास, "घाबरू नकोस, ही बोलते आहे." मी क्लच दाबला, चवळी थांबली. एक्सलरेटरला पाय नुसता टेकवला तर इंजिनाचा सूर चंडोलासारखा वर गेला, आणि पाय उचलताच तोंडातला शब्द गिळावा तसा खाली आला. शाळेत मी मुलांना सांगत असे की चांगल्या कवितेत एकही अक्षर जास्तीचं नसतं. त्या सकाळी वाटलं, हे लोखंडात करून दाखवणारा माणूस लहानपणी माझ्याच वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसत होता, आणि कवितेचा तास आला की झोपत होता.

ऋतूबद्दल लिहायचं राहिलं. प्लमची फुलं गळाली, चेरी अजून कळीत आहे, ओढ्याच्या सावलीच्या काठाला जुना बर्फ आहे. सकाळी त्यावर खारीची पावलं दिसतात.

आता कामाचं. ओढ्याकडून वर येणारा आमचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे, ओनोदेरा न्हाव्याच्या दुकानासमोर, 'थांबा'ची पांढरी रेघ आहे. चढ कसला आहे तुला माहीत आहे. तिथे पूर्ण थांबलं की तू बसवलेल्या हलक्या फ्लायव्हीलमुळे निघताना इंजिन बंद पडतं. बंद पडू नये म्हणून हँडब्रेक ओढून ते ओरडवावं लागतं, आणि मग ओनोदेरा वस्तरा हातात घेऊन बाहेर येतो, मागोमाग तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. म्हणून गेली कित्येक वर्षं मी तिथे जवळजवळ थांबतो. फेब्रुवारीत पेयांच्या मशीनमागून एक पोलीस बाहेर आला. पोरगेलासा होता, अदबीने वागला.

"आजोबा, चाकं पूर्ण थांबली नाहीत."

"थांबली असती तर पुन्हा निघाली नसती," मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं नाही.

दंड भरून टाकला. पण पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाच्या नावावर असा गुन्हा असला की लायसन्स नवं करण्याआधी गाडी चालवून दाखवायची परीक्षा असते. माझं लायसन्स नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतं. इथली बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली. तांदूळ, रॉकेल, सुमिएच्या दातांचा डॉक्टर, सगळं खालच्या गावात. लायसन्स गेलं की हे घर गेलं. ओमिया शहरात राहणाऱ्या आमच्या मुलाने नवव्या मजल्यावरची एक खोली आमच्यासाठी रिकामी करून ठेवली आहे, आम्ही काही विचारलं नसताना. सुमिए त्यावर एकदाच बोलली: "तिथे वांगी कुठे लावू?" तेव्हापासून घरात तो विषय निघालेला नाही.

म्हणून विचारतो. मूळचं जड चाक परत बसवता येईल का? आणि ते आहे कुठे?

सोहेइ


ओइसो, २७ मार्च

मास्तर,

समुद्र आहे तिथेच आहे. हवा बरी.

गाडीत बिघाड नाही. तेव्हा सगळं समजावून सांगितलं होतं, पण तू देवदारांकडे बघत होतास, म्हणून पुन्हा सांगतो. इंजिन धक्क्याधक्क्याने फिरतं. त्याच्या पाठीला लागलेलं फ्लायव्हील ते धक्के पोटात घालतं. जड चाक जुन्या हेडक्लार्कसारखं असतं. हुकूम आला नाही तरी कालचं काम पुढे रेटत राहतं. हलकं चाक म्हणजे वर्गातला हुशार मुलगा. सांगितलं की पळतो, सांगायचं थांबलास की बसतो. घाट उतरताना, वळणाआधी गियर खाली टाकताना, तुला नेमकं तेच हवं होतं. सूर लगेच चढतो, लगेच उतरतो. इंजिनाची ताकद त्याने तसूभर वाढत नाही, वाढली असं वाटतं. त्याच्या बदल्यात चढावर पाय उचलला की वेग पडतो, उभ्या गाडीत खडखड होते, क्लच लवकर झिजतो आणि न्हाव्यासमोर गाडी मरते. शर्यतीच्या रस्त्यावर न्हाव्याची दुकानं नसतात.

परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मिळेल. तिला क्लच नसतो, तेव्हा तुझ्या चाकाचा तिथे संबंध नाही. संबंध पायांचा आहे. तुझा उजवा पाय इतकी वर्षं निघताना जोर करायला शिकला आहे आणि डावा पाय क्लच शोधायला. आपली गाडी शांत झाल्याशिवाय ते पाय शांत होणार नाहीत. म्हणून चाक बदलायला माझी हरकत नाही.

मूळचं चाक मी तुला वर्तमानपत्रात गुंडाळून, पर्सिमनच्या फळांच्या खोक्यात घालून दिलं होतं. शोध.

तोवर न्हाव्यासमोर पूर्ण थांब. बघू देत त्यांना.

इवाओ


कामिसावा, २० एप्रिल

इवाओ,

चेरी फुलली आणि दोन दिवसांच्या वाऱ्यात गेली. जाताना काही पाकळ्या गाडीच्या काचेवर बसल्या, त्या मी पुसल्या नाहीत. पुढचं दिसत नव्हतं म्हणून सुमिएने पुसल्या.

चाक सापडलं. आधी शेड उपसली, मग माळा. मुलाच्या लहानपणच्या पतंगांच्या काड्या निघाल्या, आपल्या पहिलीच्या वर्गाचा फोटो निघाला, त्यात तू डोळे मिटून उभा आहेस. पर्सिमनचं खोकं निघालं, पण रिकामं. शेवटी सुमिए दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधताय सकाळपासून?"

मी म्हटलं, एक चाक. लोखंडी. ताटापेक्षा मोठं, मधे भोक, कडेला दाते.

"मग घरात बघा की. वांग्यांवर आहे."

उत्तरेच्या थंड खोलीत तिचं लोणच्याचं लाकडी पिंप असतं. झाकण उचललं. आत गेल्या शरदातली मिठातली वांगी, त्यांच्यावर फळी, आणि फळीवर धोंड्याच्या जागी तुझं फ्लायव्हील. काळ्या पाण्यात निम्मं बुडालेलं. इतकी वर्षं मी रोज जेवताना ज्या वांग्यांच्या निळ्या-जांभळ्या रंगावर काहीबाही बोलत आलो, ज्या रंगासाठी गावातल्या बायका पिंपात गंजके खिळे टाकून पाहतात आणि हिच्याइतका साधत नाही म्हणून हळहळतात, तो रंग या चाकाचा होता.

"तुम्हीच म्हणालात, हे आता नको," सुमिए म्हणाली.

"गाडीला नको म्हणालो होतो."

"तेच म्हणते मी."

मी तिला सगळं समजावलं. क्लार्क, हुशार मुलगा, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की या चाकाने तिच्याकडे एक दिवस नागा केलेला नाही, आणि ज्या गाडीने एकदा टाकून दिलं तिच्याकडे परत जायची त्याला काय गरज आहे. मग झाकण लावलं.

एके ठिकाणी वाचलं होतं की काही देशांच्या कवितेत अक्षरं हलकी आणि जड असतात, आणि कवी त्यांची तोलून मांडणी करतो. आपल्याकडे सगळी अक्षरं एका वजनाची. पाच मोजा, सात मोजा, झालं. मला चाकातला फरक इतक्या उशिरा कळला त्याचं कारण हेच असावं.

तू ये. हत्यारं घेऊन ये. तुझं सुमिए ऐकेल.

सोहेइ


ओइसो, ६ मे

मास्तर,

सुट्ट्यांमुळे किनाऱ्यावर माणसं फार. समुद्र दिसत नाही.

दर उन्हाळ्यात तू वांग्यांची बरणी पाठवतोस. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच हाताने काढून टाकलेलं लोखंड भातावर घेऊन खात होतो. चव चांगली होती. आता पोटाचं काय करायचं ते डॉक्टरला विचारतो.

चाक मिठात राहिलं म्हणजे त्याची वरची बाजू गंजाने खाल्ली असणार. त्याने बिघडत नाही, लेथवर साफ करता येतं. चीर गेली असेल तर मात्र चाक संपलं. वहिनींना विचारून बाहेर काढ, कोरडं कर, दोरीने टांग आणि लाकडी हातोडीने हळू टोल दे. घंटेसारखं वाजलं तर चांगलं आहे. फुटक्या माठासारखं वाजलं तर पिंपात परत ठेव आणि विषय सोड.

वहिनींना म्हणावं, अदलाबदल करू. हलकं चाक गाडीतून निघालं की ते पिंपावर ठेवा. तेही लोखंडच आहे, रंग येईल.

मला आत्ता यायला जमणार नाही. माझी गाडी गॅरेजमध्ये कामाला टाकली आहे.

इवाओ


कामिसावा, २ जुलै

इवाओ,

भाताच्या रोपांवर दिवसभर पाऊस पडतो आणि संध्याकाळी बेडूक त्याची उजळणी करतात. काल दोन-तीन काजवे शेडपर्यंत आले होते. एक गाडीच्या आरशावर बसला.

चाक टांगून टोल दिला. इवाओ, काय वाजलं ते. देवळातल्या घंटेचा शेवटचा लांब भाग असतो ना, टोल संपल्यानंतरचा, तसं बराच वेळ वाजत राहिलं. सुमिए आतून हात पुसत आली आणि कोण आलंय म्हणाली. तेव्हा चीर नाही.

अदलाबदलीचं सांगितलं. ती नाही म्हणाली नाही. हलक्या चाकाचं वजन किती, एवढंच विचारलं. मी तुझा जुना कागद पाहून सांगितलं. तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढ्याच वजनाचा ओढ्यातला गोटा तोलला, यंदाची पहिली वांगी पिंपात मिठाने थरावर थर लावली, फळी ठेवली, गोटा ठेवला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून झाकण उचललं. फळी तिरपी, वांगी वर तरंगत होती.

"बघा तुमचा हुशार मुलगा," ती म्हणाली, आणि जड चाक परत ठेवलं.

तुझ्या तोट्यांच्या यादीत हा एक वाढव.

परीक्षेची तारीख आली आहे, ऑगस्टच्या मधोमध. न्हाव्यासमोर आता मी पूर्ण थांबतो. गाडी मरते, मी पुन्हा सुरू करतो. ओनोदेराने बाहेर येणं सोडलं आहे, आतूनच हात करतो. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

तुझी गाडी मे महिन्यापासून कामाला आहे. इतकं काय काम असतं? मला वाटतं तुला राग आला आहे. स्वतःच्या हाताने बसवलेलं चाक स्वतःच काढायचं हे कारागिराला जड जात असेल. तसं असेल तर स्पष्ट लिही. आपण काही पाहुणे नाही. पण ये.

सोहेइ


ओइसो, १२ जुलै

मास्तर,

पाऊस.

राग आलेला नाही. गुडघा दुखतो.

परीक्षेत सिग्नल असतो, 'थांबा'ची रेघ असते, वळणं असतात. ती तुला जमतील. अवघड आहे ती पायरी. रस्त्यावर चार बोटं उंचीची कड बांधलेली असते. पुढची चाकं तिला टेकवायची, एक्सलरेटर हळू दाबत गाडी वर चढवायची आणि चढल्या चढल्या थांबवायची. म्हातारी माणसं ब्रेकऐवजी भलतंच दाबतात का, हे त्यांना बघायचं असतं. तुला वाटेल गाडी मरेल. ती मरणार नाही. तिला हलकं चाक नाही, तिला क्लचही नाही. डावा पाय सीटखाली ओढून घे आणि तिथेच ठेव. उजव्याला सांग की जोर करायचा नाही. पाय ऐकत नसतील तर पुन्हा सांग.

इवाओ


(त्याच लिफाफ्यात, वेगळ्या कागदावर)

मोगीकाका,

बाबांची पत्रं टाकायला मी जाते, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते आहे. त्यांना सांगू नका.

बाबांनी गेल्या वर्षी लायसन्स परत केलं. मी म्हटलं होतं म्हणून. वाद घातला नाही. पोलीस ठाण्यातून बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "बस कुठून सुटते?" गाडी विकून टाकली. गुडघ्याला काही झालेलं नाही.

तुमचं पत्र आलं की त्या दिवशी जेवताना टेबलाखाली त्यांचे पाय हलतात. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. मला वाटलं काही दुखणं आहे, डॉक्टरांना दाखवायला निघाले होते. मग एकदा त्यांचा हातही हलला, गियर टाकावा तसा, आणि सोया सॉसची बाटली पडली.

त्यांना 'ये' असं लिहू नका. पण पत्रं बंद करू नका.

माहो


कामिसावा, २६ ऑगस्ट

इवाओ,

सकाळी दवात पहिला रातकिडा ऐकला. उन्हाळा अजून गेलेला नाही, पण त्याने सामान आवरायला घेतलं आहे.

आधी एक सांगतो. तू येऊ नकोस. पावसाने घाटाखाली दरड आली आहे, रस्ता एकेरी केला आहे, गुडघ्यालाही बरं नाही. इथे काम करणारी माणसं आहेत. तू पत्रातून सांग, ते पुरे.

परीक्षेत नापास झालो.

सुरुवात चांगली झाली. परीक्षक एक बारकेसे गृहस्थ होते, मांडीवर फळी आणि कागद. मी त्यांच्याशी ऋतूबद्दल एक वाक्य बोललो, तेही एक बोलले. सिग्नलला थांबलो. 'थांबा'च्या रेघेला डावा पाय सीटखालून आपण होऊन बाहेर आला आणि त्याने सवयीने क्लच दाबला. ते ब्रेकचं पेडल होतं. गाडी इतकी पूर्ण थांबली की परीक्षकांची फळी पुढच्या काचेला लागली. त्यांनी उचलली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, थांबण्याबद्दल तरी माझ्याविषयी शंका राहिली नाही.

मग पायरी. चाकं कडेला टेकली. तुझं सगळं पाठ होतं, इवाओ, शब्दन् शब्द. पण समोर चढ आला आणि उजव्या पायाला ओनोदेराचं दुकान दिसलं. गाडी पायरी चढली, पायरी संपली, पलीकडची नारिंगी काठी गेली आणि झेंडूच्या वाफ्यात आम्ही थांबलो.

"मोगी-सान, एवढा जोर कशाला?" परीक्षक हळू आवाजात म्हणाले.

"बंद पडू नये म्हणून."

"ही बंद पडत नाही."

झेंडू चांगले लावले होते.

मुदत संपेपर्यंत पुन्हा बसता येतं. ऑक्टोबरच्या शेवटी जागा मिळाली. ती शेवटची म्हणायची. मुलाचा फोन आला, सुमिएने घेतला. खोलीला नवे पडदे लावलेत म्हणाला.

घरी आलो तेव्हा सुमिएने निकाल विचारला नाही, माझ्या बुटांना चिकटलेल्या पाकळ्या पाहिल्या. तसं तिला विचारायचा अधिकारही आहे. या घरात सोनेरी पट्टीचं लायसन्स तिचं आहे. लग्नानंतर काढलं आणि त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही, त्यामुळे तिच्या नावावर एकही गुन्हा नाही. पोलिसांच्या लेखी ती उत्तम चालक. दर वेळी वर्गात नुसतं बसून येते आणि नवं लायसन्स घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ओसरीत वर्तमानपत्रावर चाक उन्हात ठेवलेलं होतं. घासून, धुऊन, पुसून. पिंपावर ओढ्यातले दोन मोठे धोंडे. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "पाठवून द्या इवाओसानकडे." संसारात असे क्षण मोजकेच येतात. ती माझ्यासाठी वांग्यांचा रंग द्यायला तयार झाली. मी त्यावर चार ओळी लिहिल्या. तिला दाखवल्या नाहीत.

चाक कुरियरने येतं आहे. उचलणाऱ्याने आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, लोणचं.

सोहेइ


ओइसो, १५ सप्टेंबर

मास्तर,

वादळ येऊन गेलं. किनाऱ्यावर फळ्या आणि एक बूट.

माहोने लिहिलं तुला. सत्तर वर्षांत तू मला कधी 'येऊ नकोस' म्हणालेला नाहीस. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तू सकाळी ओढ्यावर ये म्हणाला होतास. तिला मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

तर तसं आहे. लायसन्स दिलं. त्याऐवजी एक कार्ड देतात, त्यावर माझा फोटो आहे आणि सार्वजनिक स्नानगृहात सवलत आहे. मी स्नानगृहात जात नाही. माहोचं चुकलं नव्हतं. मी दोनदा तांबड्या सिग्नलला उशिरा थांबलो होतो, ती शेजारी बसली होती. ती ओरडली नाही, नुसता माझा हात धरला. त्या हातामुळे दिलं. हे तुला आधी सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं नसतंस. ज्याची गाडी गेली त्याच्याकडून कोण शिकतं?

चाक आलं. हिरात्सुकाला एका ओळखीच्या माणसाकडे लेथ आहे. बसने गेलो. त्याला म्हटलं, मशीन तू चालव, मी शेजारी उभा राहतो. थोड्या वेळाने तो चहा प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. भला माणूस आहे. पहिला काट घेतला, गंजाचा पातळ थर सोलला, तेव्हा सगळ्या वर्कशॉपमध्ये वांग्यांचा वास आला. तिसऱ्या काटाला खालचं लोखंड उघडं पडलं. स्वच्छ होतं. दात्यांची कड गेलेली होती, नवी चढवली.

सोबत कागद आहे. तुमच्या खालच्या गावात जो कोणी बसवेल त्याला दे. बोल्ट नवे घ्यायला सांग, जुने वापरू देऊ नकोस. कशावर किती जोर ते लिहिलं आहे. त्याने वाद घातला तर मला फोन करायला सांग. त्याच्याशी बोलेन.

बसवून झाल्यावर गाडी कशी वाटते ते नीट लिही. पाकळ्या नकोत.

इवाओ


कामिसावा, १२ ऑक्टोबर

इवाओ,

पर्सिमन पिकले. एवढंच लिहितो ऋतूचं.

चाक बसलं. खालच्या गावातल्या गॅरेजवाल्याने तुझा कागद दोनदा वाचला आणि भिंतीला चिकटवून ठेवला. वाद घातला नाही.

गाडी सुरू केली तर मला वाटलं सुरू झालीच नाही. न्यूट्रलला काही वाजत नाही. क्लच सोडला, पाय एक्सलरेटरवर ठेवायच्या आत गाडी आपली हळू निघाली, कुणी पाठीवर हात ठेवून पुढे न्यावं तशी. ओनोदेरासमोर पूर्ण थांबलो, पूर्ण निघालो. तो बाहेर आला, या खेपेला काळजीने. घाटात मात्र ती चंडोलाची गोष्ट गेली. पाय उचलला तरी सूर रेंगाळतो, गियर खाली टाकताना त्याची वाट बघावी लागते. पूर्वी मी वाट बघितली नसती. आता बघता येते. तू दोन्ही चाकांचं खरं सांगितलं होतंस, मी एकाचंच ऐकलं होतं.

हलकं चाक गॅरेजवाल्याने कापडात गुंडाळून दिलं आहे. शेडमध्ये ठेवलं आहे. सुमिए त्याच्याकडे पाहायला तयार नाही.

रोज सराव करतो. सुमिए शेजारी बसते. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघते. "आत्ता हा का दाबलात? हा सोडायच्या आधी की नंतर?" असं विचारत राहते. चाळीस वर्षांत तिने माझ्या कामात इतका रस घेतल्याचं आठवत नाही. मी सगळं समजावून सांगतो. समजावताना माझंच पक्कं होतं, शिकवण्याचा तो एक फायदा आहे. मंगळवारी मात्र येत नाही, शेजारच्यांच्या व्हॅनमधून खालच्या गावात विणकामाच्या वर्गाला जाते. महिना झाला, घरात लोकर दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, अजून टाके मोजायला शिकवताहेत.

मुलाने सामान नेण्यासाठी छोटा ट्रक कुठल्या आठवड्यात बघू असं विचारलं आहे. परीक्षा तेवीस तारखेला. काय होतं ते लगेच लिहीन. नापास झालो तरी लिहीन.

सोहेइ


ओइसो, ९ नोव्हेंबर

मास्तर,

हवा चांगली आहे. समुद्र निळा.

तेवीस तारीख गेली. तू लगेच लिहिणार होतास. तुझं लायसन्स संपायची तारीखही गेली. फोनवर तू कविता म्हणतोस म्हणून मी करत नाही, तरी परवा केला आणि काल केला. कोणी उचलला नाही. म्हणजे ट्रक येऊन गेला असं धरून चाललो आहे. ओमियाचा पत्ता माझ्याकडे नाही. हे पत्र जुन्या पत्त्यावर टाकतो, टपालवाला पुढे पाठवेल तर पाठवेल.

नापास झाला असशील तर ऐक. पहिले काही महिने वाईट असतात. पाय ऐकत नाहीत. त्यांना हलू दे, कुणी विचारलं तर गुडघा म्हण. नवव्या मजल्यावर खिडकी असेल, खालचा रस्ता दिसेल. तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गियर मोजू नकोस, मी तो प्रयोग केला आहे, त्यात दुपार जाते. वहिनींना एखादा मोठा मातीचा डबा मिळवून दे आणि बाल्कनीत दोन रोपं लावायला सांग. मी इथून एखादं जुनं लोखंड शोधून पाठवतो. वजन त्यांनीच सांगावं.

आणि चाक बदलायला मी उशीर लावला असं

बेल वाजली. माहो कामावर आहे. मलाच उठावं लागेल. टपालवाला असेल तर हे पत्र त्याच्याच हातात देतो.

टपालवाला नाही. खिडकीतून दिसतं आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही. फाटकासमोर तुझी गाडी उभी आहे, कुंपणापासून वीतभर अंतरावर, सरळ. तू आत डाव्या सीटवर आहेस. पट्टा लावलेला, दोन्ही पाय पुढे रोवलेले, हात गुडघ्यांवर. मान वळवून माझ्याकडे बघतो आहेस आणि उतरत नाहीस.

दाराशी सुमिएवहिनी आहेत. गाडीची किल्ली त्यांच्या हातात आहे. त्यांनी मला लिहिताना पाहिलं आहे आणि आता खिडकीच्या काचेवर त्याच किल्लीने टकटक करताहेत.

"इवाओसान, ते राहू द्या. कोट घ्या नि मागे बसा. अंधाराच्या आत मला घाट चढून घरी पोचायचंय."